मशीन थांबलं तेव्हा

शनिवार, रात्रीचे दहा

आज लेकाला घेऊन केस कापायला गेले होते. अटलांटाला आल्यापासून तो याच सलूनमध्ये जातो. दुकान एका कृष्णवर्णीय काकांचं. त्याचे कुरळे केस त्यांच्याइतके कुणालाच जमत नाहीत.

आमच्या आधी पस्तिशीचा एक धिप्पाड माणूस खुर्चीत होता. काकांनी विचारलं, "कसं चाललंय, ब्रदर?" तो म्हणाला, "मजेत." काकांनी मशीन बंद केलं. एवढा वेळ चाललेली घरघर एकदम थांबली. मग खुर्ची आरशाकडून भिंतीकडे वळवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून तेच पुन्हा विचारलं. बराच वेळ तो गप्प. नंतर गळ्याभोवतीच्या कापडातून हात बाहेर काढून त्याने डोळे पुसले. पुढे तो काय बोलला ते त्याचं, इथे लिहीत नाही. काकांनी एकही सल्ला दिला नाही, एवढं मात्र लिहून ठेवते.

लेकाची पाळी आली तेव्हा मी विषय काढला. म्हणाले, हे रीतसर शिकलोय. लोरेन्झो लुईस यांनी २०१६ मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये 'कन्फेस प्रोजेक्ट' सुरू केला. केस कापणाऱ्यांना ऐकून घ्यायला शिकवतात तिथे.

ही माणसं सरळ डॉक्टरकडे का जात नाहीत, असं मला पूर्वी वाटायचं. टस्कीगीच्या प्रयोगाचं वाचलं आणि तो प्रश्न विचारायचीच लाज वाटली. १९३२ ते १९७२, तब्बल चाळीस वर्षं, सरकारी आरोग्यखातं अलाबामातल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस नुसता बघत बसलं. पेनिसिलिन आलं, तरी त्यांना दिलं नाही. त्याच्याही आधी, १८५१ मध्ये, कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांचं पळून जाणं हाच मनाचा आजार ठरवला होता. मग मन मोकळं करायचं कुणापाशी? ज्याने आपल्या बापाचेही केस कापलेत, त्याच्यापाशी.

घरी येताना दादाच डोळ्यांसमोर होता. बाबा गेल्यापासून दर रविवारी मी सोलापूरला फोन करते आणि विचारते, "बरा आहेस ना?" त्या 'ना'मध्ये त्याचं उत्तर मीच देऊन टाकते. तो "हो गं" म्हणतो, आणि मी लगेच भाच्याच्या परीक्षेवर येते. दोन वर्षं झाली.

त्या माणसाचे केस आजच कापून झालेत, तरी काकांनी त्याला गुरुवारी परत बोलावलंय. दुपारी ये, म्हणाले, तेव्हा दुकानात कुणी नसतं.