तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रायटनवरचा उन्हाळा

खानापूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. ट्रायटनचा विषय निघाला की पोरं हमखास विचारतात, आणि आता त्यांचे पालकही: "सर, उणे 235 अंशाला कसला उन्हाळा ओ?"

खराखुरा उन्हाळा. ट्रायटन हा नेपच्यूनचा सर्वांत मोठा चंद्र. नेपच्यूनचं वर्ष आपल्या 165 वर्षांचं, म्हणजे एकेक ऋतू चाळीसेक वर्षांचा.

आपल्याकडं ऋतू बदलला की वारं फिरतं, जांबोटीकडं पाऊस लागून राहतो. पण हवा काही कमी-जास्त होत नाही. ट्रायटनवर मात्र हवाच बर्फातून येते. उन्हाच्या बाजूचा नायट्रोजनचा बर्फ कापरासारखा उडून जातो आणि थंड बाजूला पुन्हा गोठतो. बर्फ अंश-दीड अंशानं तापला तरी हवेचा दाब दुपटीच्या घरात जातो. 25 ऑगस्ट 1989 ला नासाचं व्हॉयेजर 2 हे यान तिथून गेलं, तेव्हा हा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या सुमारे सत्तर हजाराव्या भागाइतका होता. एवढ्या विरळ हवेतही काळसर फवारे 8 किलोमीटर उंच चढून वाऱ्यानं आडवे झालेले त्याच्या फोटोंत दिसतात.

त्यानंतर तिथं यान गेलेलं नाही. मग दाब मोजतात कसा? ट्रायटन एखाद्या ताऱ्याच्या आड येतो, तेव्हा तारा झटकन विझत नाही. हवेमुळं हळूहळू मंदावतो. त्या मंदावण्यावरून हिशेब मांडतात. सावलीच्या ऐन मध्यावर असलेल्या दुर्बिणीला तर तारा आड असतानाच, ऐन मधल्या वेळी, क्षणभर उजळलेला दिसतो, कारण भोवतालची हवा त्याचा प्रकाश वळवून एकत्र आणते. 5 ऑक्टोबर 2017 ला युरोपातून हे टिपलं गेलं. फळ्यावर ही आकृती काढताना मला आजही भारी वाटतं.

1997 मध्ये हबल या अंतराळातल्या दुर्बिणीच्या मोजणीत दाब वाढलेला दिसला. 2000 च्या सुमारास तर दक्षिण ध्रुवावर साडेसहाशे वर्षांतून एकदा येणारा कडक उन्हाळा होता. दाब चढतच जाईल असं वाटण्यासारखी स्थिती. पण 2017 मध्ये तो 1989 इतकाच निघाला. 6 ऑक्टोबर 2022 ला चीनमधून आणि आपल्या नैनीतालजवळच्या देवस्थळहून पुन्हा पाहिलं, तेव्हाही तेवढाच. 1997 ची वाढ खरोखर किती होती, यावर अजून वाद आहे.

तो मिटवायला आणखी तारे ट्रायटनच्या आड जावे लागतील. आपल्या नोंदी अजून तिथल्या एका ऋतूइतक्याही झालेल्या नाहीत. पुढच्या नोंदी घेणाऱ्यांत आमच्या आठवीतलं कुणीतरी असावं, असं मला मनापासून वाटतं.