उंचीच्या फॉर्मवर उंचीच नव्हती

लेकीचा सहाव्या वाढदिवसाचा फ्रॉक सातव्यालाही बसला, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. एक खरेदी वाचली! डॉक्टरांनी उंचीच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगितलं, वर्षात साडेतीन सेंटीमीटर. या वयात पाच तरी हवेत.

थायरॉइड, बाकीचं रक्त, हाडांचं वय बघायला डाव्या हाताचा एक्स-रे, सगळं आठवड्यात उरकलं. हाडांचं वय दोन वर्षं मागे. संशय मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीवर, म्हणून तिथून सुटणाऱ्या ग्रोथ हार्मोनची, म्हणजे वाढीच्या हार्मोनची, स्टिम्युलेशन टेस्ट. एकदाच रक्त काढून का भागत नाही, हे मी विचारलंच. तर ही वाटाण्याएवढी ग्रंथी हे हार्मोन थांबून थांबून सोडते, जास्त करून गाढ झोपेत. दिवसा मध्येच रक्त घेतलं तर धडधाकट मुलातही ते जवळपास शून्य दिसू शकतं. म्हणून औषध देऊन ग्रंथीला डिवचायचं आणि ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा रक्त घ्यायचं.

डिवचायला आम्हाला क्लोनिडिनची गोळी होती. पोर रात्रीपासून उपाशी. आठची वेळ दिलेली, नऊला काउंटरवरून फॉर्म परत आला: वजन-उंची लिहिलेली नाही, गोळीचा डोस कसा ठरवणार? उंचीसाठी आलेल्या मुलीच्या फॉर्मवर उंचीच नाही! "वरून लिहून आणा." वर डॉक्टर राउंडला. समोर वजनकाटा होता, पण त्यावर उभं करायचा अधिकार म्हणे त्या खिडकीला नाही. लेक विचारत होती, "आई, पाणी तरी?" शेवटी दहा वाजता गोळी. पहिले दोन नमुने वेळेवर झाले. तिसऱ्याला सिस्टर दुसऱ्या वॉर्डात, आल्या तोवर हाताला लावून ठेवलेली सुई चोंदलेली. चार दिवसांनी रिपोर्टवर एक ओळ: 'नमुना अपुरा.' सगळं पहिल्यापासून.

दुसऱ्या खेपेला मी कागदावर वेळा लिहून भिंतीला चिकटवल्या, मोबाइलला गजर लावले आणि दर वेळी पाच मिनिटं आधी दारात जाऊन उभी राहिले. आगाऊ म्हणाले असतील. म्हणोत. सुई टोचायच्या आधी लावायचं बधिर करणारं मलम मिळतं, तेही मागून घ्या. आम्हाला आपणहून कुणी सांगितलं नव्हतं.

हार्मोन कमीच निघालं. एका टेस्टवर सहसा शिक्कामोर्तब करत नाहीत, म्हणून ग्लुकागॉन या वेगळ्या औषधाने दुसरी. त्यात तिला मळमळलं. मग एमआरआय. गाठ नाही, ग्रंथी लहान आहे. आता रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन, जागा बदलून बदलून. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, पण फ्रीजरमध्ये नाही. गोठलं की वाया.

हो, थायरॉइड कमी असेल तर ते आधी ताळ्यावर आणतात, नाहीतर ही टेस्ट फसवते. आणि क्लोनिडिनने रक्तदाब उतरतो, गुंगी येते. लगेच चालवत नेऊ नका. माझी कडेवरच झोपली. सात वर्षांची मुलगी कडेवर मावते, याचं त्या दिवशी वाईट वाटलं नाही, सोयीचंच वाटलं.