भूलतज्ज्ञांपासून ताप लपवू नका

‘ताई, आईंना गेल्या आठवड्यात कणकण होती. करोनाच्या किटवर दोन रेघा आल्या. आता बऱ्या आहेत. सोमवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे, सांगितलं तर पुढे ढकलतील. सांगू का नको?’ कोपरीहून आमच्या आत्याच्या सुनेचा हा फोन.

मी तिला म्हटलं, आज संध्याकाळी सांग. सर्जनना तर सांगच, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांग.

ऑपरेशन झालेल्यांची छाती मोकळी ठेवणं हे माझं काम. घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयात मी फिजिओथेरपिस्ट आहे. करोना झालेल्या माणसाला भूल दिल्यावर काय होऊ शकतं, ते मी वॉर्डात जवळून बघितलंय.

पूर्ण भूल दिली की श्वास उथळ होतो आणि फुप्फुसांचा खालचा भाग मिटायला लागतो. शुद्धीवर आल्यावर टाके दुखतात म्हणून पेशंट खोकत नाही, कफ आतच साठतो. निरोगी माणूस दोन दिवसांत यातून बाहेर येतो. पण विषाणूने फुप्फुसाला आधीच सूज आणलेली असेल, तर तोच मिटलेला भाग न्यूमोनियाचं घर होतो. शिवाय या आजारात रक्त गोठण्याकडे झुकतं, ऑपरेशननंतरही झुकतं. त्यात माणूस पलंगावर पडून राहिला, तर पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती.

साथीच्या अगदी सुरुवातीचे आकडे मला अजून पाठ आहेत. जानेवारी ते मार्च २०२० मध्ये २४ देशांतल्या २३५ रुग्णालयांत ऑपरेशनच्या आगेमागे करोना निघालेल्या ११२८ जणांची नोंद ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. निम्म्याहून अधिक जणांना फुप्फुसाची गुंतागुंत झाली आणि महिन्याभरात २३.८ टक्के गेले. सत्तरी ओलांडलेले, पुरुष, तातडीचं किंवा मोठं ऑपरेशन झालेले, कॅन्सरवर ऑपरेशन झालेले, यांना धोका जास्त होता.

त्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये ११६ देशांतल्या १ लाख ४० हजारांवर पेशंटचा अभ्यास झाला. करोना न झालेल्यांत महिन्याभरातले मृत्यू १.५ टक्के. संसर्गानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन झालं असेल तर ४.१ टक्के, पाचव्या-सहाव्या आठवड्यातही ३.६. सात आठवड्यांनंतर मात्र पुन्हा १.५. पण सात आठवडे उलटूनही दम लागत असेल, खोकला असेल, तर ६ टक्के! म्हणून मी कॅलेंडरइतकाच जिन्यावर भरवसा ठेवते. दोन मजले चढून बोलता येतंय का, हे बघा आणि डॉक्टरांना सांगा.

हे आकडे लसीआधीचे आहेत. लस आणि ओमिक्रॉननंतर धोका पुष्कळ उतरला, त्यामुळे आता सरसकट सात आठवडे थांबवत नाहीत. ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी निदान दोन आठवडे, पुढचं वय, मधुमेह, दमा, ऑपरेशन किती मोठं हे पाहून. आत्याला मधुमेह आहे, वय एकाहत्तर. भूलतज्ज्ञांनी महिनाभर पुढची तारीख दिली. हर्नियात आतडं अडकलेलं नव्हतं, म्हणून थांबता आलं. (हर्नियाची गाठ कडक होऊन दुखायला लागली, उलट्या झाल्या, तर मात्र तडक या, असंही त्यांनी बजावलं होतं.)

सगळ्यांना थांबता येत नाही. दुसऱ्या लाटेत कळव्याचे एक काका न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. भरती होताना टेस्ट निगेटिव्ह. ऑपरेशननंतर ताप आला, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, उतरत गेलं आणि दुसरी टेस्ट पॉझिटिव्ह आली. अशा पेशंटना ऑक्सिजन वाढावा म्हणून पालथं झोपवतात, पण खुबा नवा, त्यामुळे ते अवघड. आम्ही पीपीई घालून त्यांना टेकवून बसवायचो. रक्त पातळ ठेवायची, पोटावर टोचायची इंजेक्शनं चालू होती. त्यांच्या मुलाला आत यायला मनाई, तो बाहेर रिक्षात बसून असायचा. काका घरी गेले, पण ऑक्सिजनचं मशीन घेऊन. चालायला लागायला त्यांना फार वेळ लागला, आणि तो खुब्यामुळे कमी, दमामुळे जास्त.

म्हणून वाट बघायचे दिवस फुकट घालवू नका. आत्याला मी श्वासाच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं यंत्र नेऊन दिलं. बहुतेक जण त्यात फुंकतात. फुंकायचं नसतं, सावकाश श्वास आत ओढायचा, चेंडू वर धरून ठेवायचा. दर तासाला दहा वेळा, जागेपणी. पोटावर उशी घट्ट धरून खोकायचं, हेही ऑपरेशनआधीच शिकवून ठेवलं, कारण टाके दुखत असताना नवीन काही शिकायला कुणी तयार नसतं. रोज सकाळी ती सोसायटीच्या आवारात चालायची. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर याच दिवसांत ती बंद करावी.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी तिला खुर्चीत बसवलं, सकाळी बाथरूमपर्यंत चालवलं. घरी जाताना सुनेला एवढं लिहून दिलं: ताप, बसल्या जागी धाप, छातीत टोचणं, एकाच पोटरीला सूज किंवा ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा दिसला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.