बारा झाकणं

जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात काम करत असल्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर आपदा मित्र स्वयंसेवकांची शिबिरं घ्यावी लागतात. पूर, दरड, इमारत कोसळणं असे ठरलेले प्रसंग असतात. टेबलावर नकाशा पसरायचा, गट पाडायचे, चिठ्ठीतून एकेक बातमी द्यायची आणि कोण काय करतं ते बघायचं. यंदा एका मुलाने पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, 'द अ‍ॅव्हेंजर्स'मधलं न्यूयॉर्क घेता येईल का?" मी हो म्हटलं. त्या रात्री सिनेमाचा शेवटचा भाग वही घेऊन पुन्हा पाहिला. या वेळी नजर फक्त पोलिसांवर ठेवली.

2012 च्या या सिनेमात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागावर आकाशातून हल्ला होतो. रस्त्यावरचे दोन पोलीस आपसात बोलतात की नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, यायला तास लागेल, लष्कराला तरी हे कळलंय का? हे मला अगदी खरं वाटलं. पहिल्या तासात पूर्ण चित्र कोणाकडेच नसतं. मग सिनेमातला नायक कॅप्टन अमेरिका येतो आणि हुकूम सोडतो: इमारतींमधल्या लोकांना तळघरातून, भुयारी रेल्वेतून बाहेर काढा, रस्त्यावर येऊ देऊ नका, 39 व्या स्ट्रीटपर्यंत नाकाबंदी करा. सार्जंट विचारतो, तुझा हुकूम मी का ऐकू? तेवढ्यात हल्ला होतो, कॅप्टन तो परतवतो आणि सार्जंट मुकाट्याने तेच हुकूम वायरलेसवर सांगू लागतो. थिएटरात इथे हशा पिकतो. आमच्या हॉलमध्येही पिकला.

हसले नाहीत ते एकटे हवालदार काका. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, मदतीला म्हणून आले होते. म्हणाले, "त्या सार्जंटचं काय चुकलं? मी पण तेच विचारलं असतं. माणूस आपल्या खात्यातला नाही, कुठून आला माहीत नाही, आणि माझा बंदोबस्त हलवायला सांगतोय. उद्या चौकशी लागली तर हुकूम कोणाचा म्हणून लिहू?"

हॉल शांत झाला. मलाही त्यांचंच पटतं. माणूस शूर आहे एवढ्यावर त्याच्या हाती बंदोबस्त देता येत नाही. आपल्याकडे 2010 पासून घटना प्रतिसाद प्रणालीच्या मार्गदर्शक सूचना आहेत, जिल्ह्यात जिल्हाधिकारी जबाबदार अधिकारी असतात, आणि प्रत्येकाने कोणाचं ऐकायचं हे संकट येण्याआधीच ठरवायचं असतं.

मग आम्ही कॅप्टनचे हुकूम एकेक करून तपासायला घेतले. हल्ल्याच्या मध्यभागी असलेला सिनेमातला टॉवर ग्रँड सेंट्रल स्टेशनपाशी, म्हणजे 42 व्या स्ट्रीटजवळ. तिथून 39 वा तीन ब्लॉकवर. तिथल्या वीस ब्लॉकचा साधारण एक मैल होतो, म्हणजे हे अंतर जेमतेम 240 मीटर. त्या जागेवर खरोखर उभी असलेली मेटलाइफ इमारतच 246 मीटर उंच आहे. एका मुलीने दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, मग इमारत आडवी पडली तर नाकाबंदीपर्यंत पोहोचेल हे कोणाला समजावून सांगायची गरजच राहिली नाही. शिबिरात रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांचा प्रश्न याहून बारीक: भुयारात माणसं उतरवायच्या आधी गाडीला वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळातला सहाशे व्होल्टचा करंट बंद कोण करणार? पॉवर ब्लॉक मिळाल्याचा, म्हणजे वीज बंद केल्याचा, निरोप हातात पडल्याशिवाय त्यांनी उभ्या नोकरीत माणूस रुळावर उतरवला नव्हता.

नंतर प्रत्यक्ष सराव. पोलीस गट हवालदार काकांचा, अग्निशमन गट फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या मुलीचा. तिने नकाशावर टॉवरच्या जागी बाटल्यांची बारा निळी झाकणं ठेवली, आत गेलेले तिचे बारा जवान. वॉकीटॉकी देताना दोन्ही गटांना वेगवेगळे चॅनेल लावून दिले आणि ते मुद्दाम सांगितलं नाही. विसाव्या मिनिटाला फक्त पोलिसांना चिठ्ठी दिली: टॉवर झुकतोय. काकांनी आपली माणसं झटपट मागे घेतली, वॉकीटॉकीवर तीनदा ओरडून सांगितलं. तीन मीटरवर बसलेली ती मुलगी नकाशात डोकं घालून तेरावं झाकण कुठून आत न्यायचं ते ठरवत होती. मी शिट्टी वाजवली आणि टॉवरच्या चौकोनावर हात ठेवला: टॉवर पडला.

तिचा चेहरा पडला. मग मी 11 सप्टेंबर 2001 बद्दल, न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या टॉवरवरच्या हल्ल्याबद्दल सांगितलं. त्याच शहरात पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इशारा आला होता की उभा राहिलेला दुसरा टॉवरही पडू शकतो. दोन्ही दलांच्या रेडिओची जोड नव्हती, त्यामुळे तो इशारा अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला नाही. शहराचं आपत्कालीन केंद्र होतं त्याच संकुलातल्या सात नंबरच्या इमारतीत, ते सकाळीच रिकामं करावं लागलं. त्या दिवशी अग्निशमन दलाची 343 माणसं गेली. त्याच दिवशी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरून नऊएक तासांत जवळपास पाच लाख लोक पाण्यावाटे बाहेर निघाले. तटरक्षक दलाने रेडिओवर हाक दिली आणि फेरी, टगबोटी, मासेमारीच्या होड्या सगळ्या धावल्या. हा प्रसंग ऐकला की अजूनही माझा गळा दाटतो.

जेवणानंतर दुसरी फेरी ठेवली. चिठ्ठ्या काढायच्या आधीच त्या मुलीने आपली खुर्ची उचलली आणि हवालदार काकांच्या टेबलाशी नेऊन ठेवली. काकांनी आपली वही थोडी सरकवून तिच्या नकाशाला जागा केली. "तुझे आत किती?" त्यांनी विचारलं. तिने झाकणं मोजली. "बारा, काका." काकांनी वहीत आकडा लिहिला, पुढे वेळ टाकली आणि मला म्हणाले, "हं, द्या आता चिठ्ठी."