थायरॉईडच्या गाठीतले पांढरे ठिपके

समजा, सोनोग्राफीत थायरॉईडमध्ये 12 मिलिमीटरची गाठ दिसते आहे. आतून भरीव, आजूबाजूच्या थायरॉईडपेक्षा काळसर, कडा गुळगुळीत. अमेरिकेतल्या रेडिओलॉजी कॉलेजच्या 2017च्या टिरॅड्स पद्धतीने, म्हणजे कॅन्सरची शंका गुणांत मोजण्याच्या पद्धतीने, गुण मांडू. भरीव म्हणून 2, काळसर म्हणून 2, एकूण 4. वर्ग टीआर4. या वर्गात सुईतपासणी (बारीक सुईने पेशी काढून पाहणं) 15 मिलिमीटरपासून पुढे करतात, म्हणून इथे सुई नाही. वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी, एवढंच.

आता याच गाठीत तीन-चार बारीक पांढरे ठिपके दिसले. त्यांचे 3 गुण. बेरीज झाली 7, वर्ग टीआर5, आणि तिथे सुईची मर्यादा 10 मिलिमीटर. गाठ तीच, माप तेच, पण आता सुई घालावी लागणार. म्हणून ठिपका दिसला की गुण देण्याची घाई नको. तो कशाचा आहे ते आधी पाहायचं.

थायरॉईडच्या पॅपिलरी नावाच्या कॅन्सरमधले ठिपके कॅल्शियमच्या सूक्ष्म कणांचे असतात. मिलिमीटरपेक्षाही लहान, मागे सावली न पाडणारे. कोलॉइड, म्हणजे थायरॉईडमधला चिकट द्रव, हेही असंच चमकतं, पण त्याच्या मागे निमुळती शेपटी दिसते. शेपटी मिलिमीटरपेक्षा लांब आणि ठिपका पाण्याच्या पोकळीत असेल तर गुण 0. भरीव भागातल्या ठिपक्याला इवलीशी शेपटी असली तरी तिच्या भरवशावर त्याला सोडून देता येत नाही, तिथे 3च. तिसरा प्रकार फसवा असतो. छोट्याशा पोकळीची मागची भिंत चकाकते आणि ठिपक्यासारखी भासते. झूम केलं तर तो ठिपका नसून बारीक आडवी रेघ आहे आणि तिच्या वर काळी पोकळी आहे, हे कळतं. स्पंजासारख्या जाळीदार गाठीत अशा रेघा ढिगाने असतात. म्हणूनच अर्ध्याहून अधिक भाग बारीक पोकळ्यांचा असेल तर त्या गाठीला बाकीचे कुठलेच गुण द्यायचे नाहीत.

इथे मशीनही दगा देतं. कंपाउंड इमेजिंग (अनेक कोनांतली चित्रं एकत्र करणं) चालू असलं की चित्र गोंडस दिसतं, पण शेपट्या आणि सावल्या पुसट होतात. शंका आली की ते बंद करून पुन्हा बघा. फोकस गाठीच्या पातळीला आणा. प्रोब (मानेवर फिरवायचा मशीनचा भाग) लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा, 7 ते 15 मेगाहर्ट्झचा. खांद्याखाली उशी देऊन मान मागे झुकवायची. मणक्याचा त्रास असलेल्या वयस्कर पेशंटची मान मात्र झेपेल तेवढीच झुकवा.

'रुंदीपेक्षा उंच', म्हणजे पुढून मागचं माप आडव्या मापापेक्षा जास्त, या लक्षणाचेही 3 गुण आहेत. ते फक्त आडव्या छेदात मोजायचं. प्रोब जोरात दाबला तर मऊ गाठ चपटी होते आणि उंची कमी भरते. जेल भरपूर घ्या, हात हलका ठेवा.

कॅन्सरचं सोंग घेणाऱ्या दोन गोष्टी तर वारंवार भेटतात. एक, पाणी आटून आकसलेली जुनी गाठ. ती अगदी काळी, वेड्यावाकड्या कडांची दिसते, गुण भराभर चढतात. पेशंटच्या पिशवीतला दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट काढायला लावा. तेव्हा ती मोठी आणि पाण्याने भरलेली असेल तर उलगडा तिथेच होतो. दुसरी म्हणजे अन्ननलिका. डाव्या भागाच्या मागे गोल गाठीसारखी दिसते आणि आतल्या हवेचे ठिपके चमकतात. पेशंटला घोटभर पाणी गिळायला सांगा, ठिपके हलतात. प्रोब उभा केला की गोळ्याची नळी होते.

उलट चूकही होते. थायरॉईडचा दुसऱ्या प्रकारचा, फॉलिक्युलर कॅन्सर बऱ्याचदा गुळगुळीत कडांचा, थायरॉईडच्याच रंगाचा, साळसूद दिसतो. सुईनेही तो साध्या फॉलिक्युलर गाठीपासून वेगळा काढता येत नाही, कारण पेशींनी कवच किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, हे काढलेल्या गाठीतच दिसतं. आणि रक्तातलं टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) कमी असेल तर सुईच्या आधी न्यूक्लिअर स्कॅन, म्हणजे गाठ जास्त हार्मोन बनवते का ते दाखवणारी तपासणी. गाठ जास्त हार्मोन बनवणारी निघाली तर कॅन्सरची शक्यता फार कमी.

मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिका ग्रंथी न पाहता प्रोब खाली ठेवू नका. लांबट ग्रंथी आणि मधोमध पांढरी रेघ असेल तर काळजी नाही. गोल झालेली, रेघ हरवलेली, आत ठिपके किंवा पाणी असलेली ग्रंथी दिसली तर सुई आधी तिथे.

रिपोर्टमध्ये नुसतं 'टिरॅड्स 1' लिहिणं हा तर आळसच. युरोपच्या पद्धतीत 1 म्हणजे गाठच नाही. अमेरिकेच्या पद्धतीत 1 म्हणजे गाठ आहे, पण निरुपद्रवी. पद्धतीचं नाव, तिन्ही मापं, जागा आणि प्रत्येक लक्षणाचे गुण लिहा. पुढच्या वर्षी तुलना करणाऱ्याला हेच लागतं, कारण गाठ वाढली असं म्हणायला निदान दोन मापांत 20 टक्के आणि किमान 2 मिलिमीटर वाढ, नाहीतर आकारमानात 50 टक्के वाढ दिसावी लागते.