टेस्टिंग वॉरंटी

आपल्याकडे नव्या वस्तूला दोन किमती असतात. एक दुकानदाराला दिलेली, दुसरी शेजाऱ्यांना सांगितलेली. साडी असो, मिक्सर असो, नाहीतर हापूसची पेटी असो, 'कितीला पडली?' या प्रश्नाची वाट बघण्यातच अर्धी मजा असते. कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या हार्ड डिस्कच्या नशिबी हे कौतुक नाही. टेबलाखालच्या काळ्या डब्यात तिला एकदा आवळून टाकली की पुन्हा तोंड दिसतं ते ती बिघडल्यावरच. पण चांगली हार्ड डिस्क स्वस्तात पटकावण्याचा जो नाद मला आहे, तो सोन्याच्या दुकानातही कधी लागला नाही.

या वेळचं निमित्त मामाचं. त्याच्याकडे कॅसेटींनी भरलेली एक ट्रंक आहे. आजीच्या ओव्या, कुणाच्या तरी मुंजीतला गोंगाट, रेडिओवरून टेप केलेली नाट्यगीतं आणि मध्येच कुकरची शिट्टी. सवड मिळेल तशा त्या मी कॉम्प्युटरवर उतरवून घेते. मामाला एमपीथ्री चालत नाही. "दाबून दाबून आवाजाचा जीव काढतात," असं त्याचं म्हणणं. म्हणजे न दाबलेली वेव्ह फाइल आली, म्हणजे मिनिटाला साधारण 10 एमबी, साठ मिनिटांच्या कॅसेटला 600. हे एक वेळ परवडलं असतं, पण भाच्यांचे गॅदरिंगमधले नाच हल्ली 4केमध्ये येतात, आणि ते फोनमधून काढून 'ताईकडे टाकून ठेवायची' आमच्या घरात पद्धत आहे. डी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली.

"अगं, क्लाउडवर टाक ना," नवरा म्हणाला. फुकटचे 15 जीबी केव्हाच संपलेत. त्यापुढे महिन्याचे पैसे भरायला माझी ना नाही, पण स्वतःच्या आईचा आवाज ऐकायला आधी नेट चालू पाहिजे, हे मामाला कोण समजावणार? एसएसडीचा, म्हणजे तबकड्या नसलेल्या डिस्कचा, वेग मला माहीत आहे, विंडोज तिच्यावरच आहे. पण गोदामाला संगमरवर कशाला? जागा भरपूर हवी, भाव कमी हवा आणि वस्तू टिकायला हवी, म्हटल्यावर अजून तरी गरगर फिरणाऱ्या तबकड्यांकडेच यावं लागतं.

मग सुरू होतो भागाकार. रुपये भागिले टीबी, म्हणजे टेराबाइट, साधारण हजार जीबी. पहिल्यांदा हा हिशेब मांडणाऱ्याला धक्का बसतो, कारण सगळ्यात कमी पैशांची डिस्क या हिशेबात सगळ्यात महाग निघते. कारण साधं आहे. अॅल्युमिनियमचं कवच, मोटर, माहिती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडचा हात, खालची सर्किटची पट्टी हे सगळं 1 टीबीच्या डिस्कलाही लागतं आणि 4 टीबीच्याही. तो खर्च छोट्या डिस्कमध्ये थोड्याच टीबींवर पडतो. त्यामुळे 1 टीबी घ्यायला निघालेला माणूस पैसे वाचवत वाचवत 8 टीबीपर्यंत जातो आणि खिशातून चौपट काढतो. मी चारवर थांबले. त्यापुढे भागाकार बरा दिसतो, पण बेरीज नवऱ्याला दिसते.

मापाची एक गंमत जाता जाता. 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. एरवी हा आकडा आपण अर्थसंकल्पात ऐकतो, नाहीतर घोटाळ्यात. डिस्क जोडल्यावर विंडोज तिला 931 जीबी म्हणतं आणि दर वेळी कुणीतरी मापात पाप झाल्याच्या थाटात दुकानदाराला फोन करतो. पाप कुणाचंच नाही. कंपनी हजार-हजाराने मोजते, विंडोज तेच 1024 ने तीनदा भागतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि बोलणी खातो दुकानदार.

भावाबद्दल आमच्या पिढीची एक ठाम श्रद्धा होती: कॉम्प्युटरची वस्तू घ्यायची नाही, थांबायचं. पुढच्या वर्षी उतरेल. आणि ती खरीच उतरत आली. 1956 साली आयबीएमने रामॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिली डिस्क आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, टनावारी वजन, मावायची जेमतेम 50 लाख अक्षरं, आणि भाडं महिन्याला 3,200 डॉलर. मामाची एक कॅसेटही तिच्यात बसली नसती. तिथून इथपर्यंतची घसरण बघितलेल्या माणसाने 'थांब' म्हटलं तर त्याचं चुकलं कुठे?

ही श्रद्धा डळमळली 2011 मध्ये. त्या वर्षी थायलंडमध्ये महापूर आला. अयुथया भागातल्या औद्योगिक वसाहती पाण्याखाली गेल्या, वेस्टर्न डिजिटल या डिस्क कंपनीचा बांग पा-इनचा कारखाना बुडाला, डिस्कच्या मोटरी बनवणाऱ्या निडेकलाही फटका बसला. काही आठवड्यांत बऱ्याच डिस्कचे भाव दुपटीच्या आसपास गेले. दिवाळीनंतर घेऊ म्हणणारे मुंबईत ग्रँट रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन हात हलवत परत आले. पाऊस पडला चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यात आणि ओले झालो आपण. 2021 मध्ये चिया नावाचं एक आभासी नाणं आलं, ते डिस्कवरच्या रिकाम्या जागेवर 'खणायचं' असे, तेव्हा पुन्हा मोठ्या डिस्कची पळवापळवी. आता एआयची डेटा सेंटरं. त्यात जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या उरल्यात तीन: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बाकीच्यांना यांनीच गिळलं. तीन दुकानांच्या बाजारात घासाघीस किती होणार? त्यामुळे हल्ली मी थांबत नाही. लागेल तेव्हा घ्यायची, फक्त नीट बघून.

आणि नीट बघायचं तर तोच बाजार, लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं आणि केबलची भेंडोळी, सीसीटीव्हीचे कॅमेरे, प्रिंटरची खोकी लादलेल्या हातगाड्या चुकवत चालत सुटायचं. ऑनलाइन भाव मी आधी बघून ठेवलेला असतो. तरी इथे येते, कारण पुठ्ठ्याच्या खोक्यात नुसती सैल टाकलेली डिस्क कुरियरवाल्याने जिने उतरताना कुठे कुठे आपटली असेल, या विचाराने मला झोप लागत नाही. डिस्कचं हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगतं. केसाची जाडी त्याच्या हजारो पट. अशा वस्तूला हातोहात न्यावं.

काउंटरवर मी डिस्क मागितली तरी दुकानदार उत्तर मामाला देतो. "अंकल, कौन सा दूं?" मामा अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवतो. मग बाजाराची भाषा सुरू होते. 'बॉक्स पीस', 'ट्रे पीस', 'रिफर्ब', 'पुल्ड'. पहिला म्हणजे सीलबंद खोक्यातला. दुसरा नुसत्या अँटिस्टॅटिक पिशवीतला, तोही नवा असू शकतो. तिसरा दुरुस्त केलेला, चौथा कुठल्या तरी जुन्या मशीनमधून उपटलेला. शिवाय 'बिल चाहिए क्या?' बिल म्हणजे वर 18 टक्के जीएसटी. आणि स्वस्तातल्या मालावर असते 'टेस्टिंग वॉरंटी'. ही वॉरंटीची जात मला फार आवडते. दुकानात जोडून चालवून दाखवतील. पायरी उतरलात की पुढचं तुमचं आणि देवाचं.

एका गाळ्यात 4 टीबीचा भाव ऐकून मामाचे डोळे लकाकले. इतर ठिकाणी दहा हजारांच्या आतबाहेर, इथे निम्मा. मामाने ती उचलली, कानाशी नेली आणि जोरात हलवली. दुकानदाराने काउंटरवरून झेपच घेतली. "काका, नारळ आहे का तो!"

"पाणी बघत होतो," मामा म्हणाला.

मी म्हटलं, जोडून दाखवा. त्याने कुरकुरत टेबलावरच्या उघड्या मशीनला तिच्या दोन्ही वायरी लावल्या, आणि मी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडायला लावलं. हा फुकट मिळणारा छोटासा प्रोग्राम डिस्कची जन्मकुंडली वाचतो. वर निळ्या चौकटीत मोठ्या अक्षरात 'गुड' आलं. दुकानदार खूश. पण ते 'गुड' बघायचंच नसतं. बघायच्या त्या खालच्या दोन ओळी: एक 'पॉवर ऑन अवर्स', म्हणजे आतापर्यंत किती तास वीज मिळाली, आणि दुसरी 'रिअॅलोकेटेड सेक्टर्स', म्हणजे खराब झालेल्या किती जागा सोडून डिस्कने आपला संसार दुसरीकडे हलवलाय. दुसरी ओळ शून्य होती. पहिलीत 31,000 च्या वर तास. वर्षाचे तास होतात 8,760.

"लाइट यूज आहे," तो म्हणाला.

साडेतीन वर्षं दिवसरात्र, हे लाइट यूज. बिचारी कुठल्या तरी सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यात, जिन्यातली मांजरं टिपत बसली असणार. निम्म्या भावात निम्मं आयुष्यही शिल्लक नसेल, आणि किती शिल्लक आहे ते कुणीच लिहून देत नाही. शिवाय हे तास तरी खरे कशावरून? 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत एक प्रकरण गाजलं. सर्व्हरसाठीच्या सीगेटच्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या आणि आतले तास शून्यावर आणलेले होते. ते काम कंपनीचं नव्हतं, विक्रीच्या साखळीत कुणीतरी हात मारला होता. माल त्या चियाच्या खाणींतून आला असावा असा संशय होता. पकडलं कशाने, तर डिस्क आपल्या तासांची आणखी एक नोंद वेगळ्या लॉगमध्ये ठेवते, ती पुसायची राहून गेली. वापरलेली गाडी घेताना किलोमीटरचा काटा मागे फिरवलाय का बघतात, तीच कला इथपर्यंत पोचली आहे.

नव्या डिस्कमध्येही एक मेख असते. हल्ली साध्या डेस्कटॉपच्या बऱ्याच डिस्क एसएमआर पद्धतीने लिहितात. कौलं कशी एकावर एक थोडी चढवून बसवतात, तसे माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवायचे. जागा वाचते. पण मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, म्हणून खूप लिहायला घेतलं की डिस्क धापा टाकते. 2020 मध्ये कंपन्या हे न सांगताच विकत असल्याचा बोभाटा झाला, तेव्हा कुठे याद्या जाहीर झाल्या. एकदा लिहून वर्षानुवर्षं नुसतं ऐकणाऱ्याला एसएमआर चालते, तिला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी मात्र व्हिडिओ कापते, जोडते, परत लिहिते. मला ती नको होती.

आणि इथे सोसायट्यांचे उपकार आठवले. मुंबईत एक चाळ कॅमेऱ्याशिवाय राहिलेली नाही, त्यामुळे सीसीटीव्हीसाठीच्या नव्या डिस्क या रस्त्यावर खोक्यांनी येतात. भाव स्पर्धेतला, 4 टीबीपर्यंतचा माल बहुधा जुन्या, न चढवता लिहिण्याच्या पद्धतीचा, चोवीस तास चालण्यासाठी बनवलेला, आणि साध्या डिस्कला बहुतेक दोन वर्षं वॉरंटी असते तिथे हिला तीन. आवाजही कमी. कॅमेऱ्यांसाठीची तिची खास खोड फक्त डीव्हीआरच्या सांगण्यावरून चालते. पीसीत ती निमूट चारचौघींसारखी वागते. लॅमिंग्टन रोडवरची खरी स्वस्ताई माझ्या मते ही आहे. निम्म्या किमतीतली नव्हे, तर कुणी पीसीसाठी मागत नाही म्हणून कोपऱ्यात पडलेली.

शेवटच्या गाळ्यातला माणूस वयस्कर होता, मराठी नीट बोलणारा. लेबलवरचा सीरियल नंबर मी फोनवर कंपनीच्या साइटवर टाकला. वॉरंटी भारतातली, पूर्ण तीन वर्षांची निघाली. कधी कधी इथे 'हा माल या देशासाठी नाही' असं उत्तर येतं आणि मग स्वस्ताईचं कोडं सुटतं. बिल घेतलं, सीरियल नंबर घालून. भाव ऑनलाइनपेक्षा अडीचशेने कमी. मामाला हा आकडा फारच किरकोळ वाटला.

"अजून काही करा की," तो म्हणाला.

"काका, भावात जागाच नाही. केबल टाकतो." त्याने डिस्क मदरबोर्डला जोडायची लाल साटा केबल पिशवीत टाकली.

"आणि स्क्रू?" मी विचारलं. कॅबिनेटबरोबरचे स्क्रू वेळेला सापडलेत असं घर मी पाहिलेलं नाही, आणि एसएसडीचे बारीक आट्यांचे स्क्रू या डिस्कला लागत नाहीत. त्याने बरणीत हात घातला, जाड आट्यांचे निवडून काउंटरवर मांडले. डिस्कला चार लागतात. त्याने पाच दिले.

"एक आत पडतोच, मॅडम."

पडलाच. मदरबोर्डच्या मागे.