डिस्कस टँक, दिवस ६१: नायट्राइट शेवटी शून्य!

आज सकाळी साडेसहाला चहाच्याही आधी टेस्ट केली. पाच थेंब टाकले, ट्यूब हलवून ओट्यावर ठेवली आणि पाच मिनिटं मुद्दाम तिच्याकडे बघितलंच नाही. बघितलं तर निळं. स्वच्छ आकाशी निळं, जांभळ्याची जराही झाक नाही. विश्वास बसेना म्हणून ट्यूब धुऊन परत केली, परत निळं. मंडळी, नायट्राइट शून्य, अमोनिया शून्य, नायट्रेट लालभडक. म्हणजे माशांना विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार झाले, डिस्कस मासे आणायच्या आधी हेच हवं होतं. चाळीस दिवस या एका रंगाची वाट बघत होतो.

मागचं अपडेट दिवस ३३ चं होतं, तेव्हा फारच वैतागलो होतो. नवीन कोणी वाचत असेल तर सेटअप थोडक्यात: चार बाय दीड बाय दोन फूट, आत प्रत्यक्ष पाणी २८० लिटरच्या आसपास, खाली ॲमेझोनिया सॉइलच्या ९ लिटरच्या तीन बॅगा, कॅनिस्टर फिल्टरमध्ये मॅट्रिक्स (बॅक्टेरियाला बसायला सच्छिद्र खडे), हीटर ३० वर, पाणी शंभर टक्के आरओ. झाडं म्हणजे ॲमेझॉन स्वोर्ड, क्रिप्ट वेंडटी, लाकडाला बांधलेलं अनुबियास आणि जावा फर्न, मागच्या भिंतीला व्हॅल. मासा एकही नाही, फिशलेस सायकल, म्हणजे मासे सोडण्याआधी नुसता अमोनिया टाकून हे बॅक्टेरिया वाढवायचे. अमोनिया म्हणून लॅब ग्रेडचा अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागरच. डबी बघून आईला दारावर येणारा कल्हईवाला आठवला. २८० लिटरला पावणेदोन ग्रॅम टाकला की बरोबर २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया येतो.

आता खरा विषय. पहिले तीन आठवडे सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं, सॉइलने स्वतःच ४ पीपीएम अमोनिया सोडला, तो उतरायला लागला, दिवस २१ ला नायट्राइट दिसलं आणि मी खूश. मग दिवस २४ पासून गाडी जी अडकली ती अडकलीच. अमोनिया दीड ते दोनवर ठाम, नायट्राइट चार्टच्या शेवटच्या जांभळ्यावर. पाणी चारपट पातळ करून टेस्ट केली तरी ३, म्हणजे खरं नायट्राइट १२ च्या घरात! रोज सकाळ-संध्याकाळ टेस्ट, रोज तेच दोन रंग.

मग एकेकावर संशय. आधी वाटलं ३० डिग्रीला पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि या बॅक्टेरियाला तर तो भरपूर लागतो, म्हणून दोन एअरस्टोन टाकले. काही नाही. फिल्टर उघडून बघितला, फ्लो व्यवस्थित. बाटलीतला बॅक्टेरिया आणला, तो दुकानात कडक उन्हाच्या शेल्फवर ठेवलेला होता हे घरी आल्यावर लक्षात आलं, आत काही जिवंत असेल असं मला आजही वाटत नाही. असली बाटली घेण्यापेक्षा ओळखीतल्या कोणाच्या चालू टँकमधला मळलेला स्पंज पिळून आणा, फुकट आणि खात्रीचा. शेवटी नायट्राइट फार झालंय म्हणून ७० टक्के पाणी बदललं, दोनदा, अर्थातच आरओ टाकून. आकडे उतरले आणि दोन दिवसांत परत तिथेच. म्हणजे बॅक्टेरिया मेलेला नव्हता, पण पुढेही सरकत नव्हता.

आणि या सगळ्या काळात पीएच मात्र मी आनंदाने लिहून ठेवत होतो: ६.०. रोज ६.०. डिस्कससाठी याहून चांगलं काय, असं मागच्या अपडेटमध्ये लिहिलंही होतं, ते वाक्य आता मागे घेतो.

धागा सापडला तो आईमुळे. झाडांबरोबर आलेल्या रॅम्सहॉर्न गोगलगायी टँकमध्ये आहेत, आईला त्या बघायला आवडतात. एके दिवशी म्हणाली, "अरे, यांना काय झालंय बघ जरा, पाठी पांढऱ्या पडल्यात सगळ्यांच्या." वाकून बघितलं तर खरंच, शंखांना खड्डे पडलेले, चुना खरवडल्यासारखे. त्याच आठवड्यात व्हॅलची पानं काचेसारखी होऊन विरघळत होती. ते मी नवीन टँकमधलं नेहमीचं मेल्टिंग म्हणून सोडून दिलं होतं, पण व्हॅलला जरा कडक पाणीच मानवतं आणि शंख विरघळतो तो आम्लात. दोन्ही गोष्टी एकच सांगत होत्या.

मग केएचची, म्हणजे ॲसिड झेलून पीएच धरून ठेवणाऱ्या क्षारांची, टेस्ट मागवली, माझ्या एपीआय कंपनीच्या मास्टर टेस्ट किटमध्ये ती येत नाही, वेगळी घ्यावी लागते. पहिल्या थेंबाला पाणी निळं व्हायला हवं, ते थेट पिवळं झालं. केएच जवळपास शून्य. रात्री ग्रुपवर टाकलं तर आपल्यातल्या एका काकांनी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या किटचा पीएच चार्ट कुठून सुरू होतो?" चार्ट काढला. ६.० पासून. त्याच्याखाली रंगच नाही! पाणी ५.९ असो की ५.० असो, तो पिवळाच दाखवणार आणि मी ६.० लिहिणार. दिवस ४७ ला काका स्वतःचा पीएच पेन घेऊन घरी आले, ४.०१ आणि ६.८६ च्या पावडरी कालवून कॅलिब्रेट केला, टँकमध्ये धरला. ५.३.

तेव्हा सगळं जुळलं. अमोनियाचं नायट्राइट होताना ॲसिड तयार होतं आणि ते केएच खातं, १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ ग्रॅमच्या वर अल्कलिनिटी, म्हणजे हेच केएच, खर्च होते. आरओत केएच नाहीच, उरलंसुरलं सॉइल शोषून घेतं कारण पाणी मऊ आणि आम्लधर्मी ठेवणं हेच त्याचं काम. पीएच ६ च्या खाली गेला की हे बॅक्टेरिया जवळजवळ काम थांबवतात. आणि मी उपाय म्हणून जे ७० टक्के आरओ ओतत होतो, त्याने उरलेला आधारही काढून घेत होतो. हे कळलं त्या रात्री झोप लागली नाही, चिडही आली आणि खूप बरंही वाटलं, कारण आता कशाशी लढायचं ते तरी कळलं होतं.

उपाय स्वयंपाकघरातला. खायचा सोडा, बेकिंग पावडर नव्हे, या दोन्हींत गल्लत करू नका. लिटरला ३० मिलिग्रॅम सोडा म्हणजे १ केएच, माझ्या टँकला साडेआठ ग्रॅम, म्हणून ३ केएचसाठी २५ ग्रॅम. पाण्यात विरघळवून फिल्टरच्या आउटलेटजवळ हळूहळू सोडला. दुसऱ्या दिवशी मोजलं तर १! बाकीचं सॉइलने गिळलं. परत टाकला, परत उतरला, तिसऱ्यांदा टाकल्यावर २ वर टिकला आणि पेन ६.६ दाखवायला लागला. चौथ्या दिवशी अमोनिया पाव पीपीएम, सहाव्या दिवशी शून्य. नायट्राइटला अजून आठवडा लागला, त्याचा शेवट आज सकाळी.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो: टँकमध्ये मासे असतील तर हे असं धाडकन करू नका. पीएच ५.३ ला अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा फारसा त्रास नाही, पण पीएच एकने वाढला की विषारी अमोनिया साधारण दहापट होतो. माझा टँक रिकामा होता म्हणून निभावलं.

सोडा कायमचा टाकत राहायचं असं कालपर्यंत डोक्यात होतं, पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की ते चुकीचं आहे. नुसतं सोडियम वाढवत बसायचं, कॅल्शियम-मॅग्नेशियम काहीच नाही, आणि आमच्या सोसायटीत गाड्या धुवायला बोअरचा वेगळा नळ आहेच! आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातलं पाणी, केएच १४, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा कडकपणा) १८, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ६२०. इतके दिवस त्या नळाकडे शत्रू म्हणून बघत होतो. एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ केलं तर केएच साडेतीन, जीएच साडेचार, टीडीएस १७० च्या आसपास. जंगली हेकेल डिस्कस आणणार असतो तर नसतं चाललं, पण आपल्याकडे मिळणारे डिस्कस पिढ्यान्पिढ्या टँकमध्येच वाढलेले, त्यांना साडेसहा-सात पीएच आरामात चालतो. शिवाय आरओचं वाया जाणारं पाणीही पाव हिश्शाने कमी होईल. ठरलं, आजपासून शंभर टक्के आरओ बंद. महापालिकेच्या नळाच्या पाण्यावर जायचा विचारही केला होता, खडकवासल्याचं पाणी मऊच असतं, पण आमच्या टाकीत ते आणि बोअर एकत्र पडतं आणि प्रमाण रोज बदलतं, त्याचा भरवसा नाही.

म्हणजे व्हॅलही परत लावता येईल. ते काढून मागे क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस लावायचं जवळपास पक्कं केलं होतं, ते आपल्या पश्चिम घाटातलंच, दिसतंही सुंदर. ओढ्यातून उपटून मात्र आणायचं नाही, कोणाकडे टँकमध्ये वाढवलेलं असेल तरच. आता विचार असा की डाव्या कोपऱ्यात व्हॅल, उजवीकडे स्पायरॅलिस.

झाडांची बातमी खरं तर खूप छान आहे. स्वोर्डला पाण्याखालचं पहिलं पान आलंय, तांबूस, हाताच्या तळव्याएवढं. क्रिप्ट पूर्ण वितळलं होतं तिथे मुळातून सात नवे कोंब मोजले. लाइट आठ तासांवरून सहावर आणल्यावर काचेवरची तपकिरी शेवाळही गेली. सीओटूचा सिलिंडर कपाटातच राहील, ३० डिग्रीला ऑक्सिजन आधीच कमी, ही सगळी झाडं त्याच्याशिवाय वाढतात आणि पीएच खाली ओढणारी आणखी एक गोष्ट मला सध्या नको.

डिस्कसचं बुकिंग दोनदा पुढे ढकललंय, ब्रीडरने एका शब्दानेही नाराजी दाखवली नाही. आधी अडीच इंची सहा पिल्लं सांगितली होती, ते बदलून साडेचार इंची सहा घेणार आहे. लहान पिल्लांना दिवसातून पाच-सहा वेळा खायला आणि रोज पाणी बदलायला लागतं, ते सॉइलवाल्या टँकमध्ये नीट होणार नाही. त्यांच्या आधी सहा स्टर्बाय कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) सोडावेत असं आत्ता सुचलं, त्यांना हे तापमान चालतं आणि फिल्टरवर लोडही हळूहळू येईल. क्वारंटाइनला दोन फुटी रिकामा टँक तयार आहे, त्यात आधी चार आठवडे, त्याबाबतीत घाई नाही.

आज रात्री परत पावणेदोन ग्रॅम नवसागर टाकतोय. उद्या रात्री, म्हणजे चोवीस तासांनी, दोन्ही शून्य आले तर रविवारी ८० टक्के पाणी बदलणार, पहिल्यांदाच बोअर मिसळून, आणि मग ब्रीडरला फोन. कोणाकडे व्हॅलची जास्तीची पिल्लं असतील तर सांगा, बदल्यात अनुबियासचा तुकडा देतो. आणि गोगलगायींच्या शंखांच्या कडेला नवीन, गुळगुळीत, तपकिरी कडा आलीये, ती आईनेच काल दाखवली.